पथ्य सुटलं

ताटात वांगं होतं. भरलेलं, देठासकट, तेलाचा तवंग पार कडेपर्यंत आलेला. उकंडरावांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे. आणि मनकर्णाबाई पाठ फिरवून चुलीतलं लाकूड पुढे-मागे करू लागली. लाकूड बरं जळत होतं, त्याला कोणी हात लावायची गरज नव्हती. आठ महिने या ताटात मुगाचं पाणी, बिनतेलाचा दोडका आणि ज्वारीच्या कण्या यांखेरीज काही पडलं नव्हतं. अमडापूरच्या नारायणराव वैद्यांनी बोटांवर मोजून सांगितलेलं पथ्य होतं ते. तेल नाही, तिखट नाही, वांगं नाही, दही नाही, तुरीचं वरण नाही, अंड्या-मटणाचं तर नावच काढू नका. छातीच्या रोगाला हे सगळं विष. मनकर्णाबाईने ते पथ्य देवाच्या दिव्यासारखं सांभाळलं होतं. आणि आज बुधवारी, ना सण ना वार, समोर वांगं. हे काय म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा ती चुलीलाच म्हणाली, "खा. आता खाल्लं तं चालते." आता म्हणजे कधीपासून आणि का, हे विचारायला उकंडरावांची जीभ रेटली नाही. त्यांनी घास घेतला आणि पहिल्याच घासाला ठसका लागला. तिखट नाकात चढलं, कान तापले, डोळ्यांतून धारा लागल्या. आठ महिन्यांत जीभ पार लहान लेकराची होऊन गेली होती. मनकर्णाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही त्यांच्याकडे न बघता.

पथ्य दोन कारणांनी सुटतं, हे उकंडरावांना चौदाव्या वर्षीच कळलं होतं. माणूस बरा झाला म्हणजे सुटतं, आणि तो बरा होत नाही असं ठरलं म्हणजेही सुटतं. त्यांचे वडील रामराव उंद्रीच्या घरी पोटाच्या दुखण्याने महिनाभर खाटेवर होते. वैद्याने एक दिवस नाडी पाहिली, आईला बाजूला बोलावलं आणि जे मागतील ते खाऊ घाला म्हणून सांगून तो निघून गेला. तेव्हापासून घरात पुरणाचे मांडे झाले, कढी झाली, बोंडं तळली गेली. शेजारच्या बाया वाट्या भरभरून आणू लागल्या. रामराव हरखून गेले. उशाला टेकून बसत आणि म्हणत, "उकंडा, मले बरं वाटून राह्यलं रे. उद्या गाडीच्या चाकाले नवी लोखंडी धाव बसवून आणू." आणि चौदा वर्षांचा उकंडा, ज्याला आईने पहाटेच सगळं सांगून टाकलं होतं, हसून म्हणायचा, "हो बाबा." चौथ्या दिवशी वडील गेले. चाक पुढे वर्षभर गोठ्याला टेकून तसंच उभं होतं. त्या चार दिवसांतले घरातल्यांचे चेहरे उकंडराव विसरले नव्हते. सगळे हसतमुख असत आणि कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. आईसुद्धा तेव्हा सारखी चुलीतलं लाकूड पुढे-मागे करायची.

तर बुधवारचं मूळ मंगळवारात होतं. मंगळवारी सुईचा दिवस. चिखलीतच डॉक्टरांचा दवाखाना होता, घरापासून पाचशे पावलांवर, आणि ती पाचशे पावलं उकंडराव आता मध्ये एकदाच थांबून चालू शकत. सुई झाली, काट्यावर वजन झालं, छातीला नळी लावून झाली. मग डॉक्टर म्हणाले, तुम्ही बाहेर बसा, बाईंशी बोलायचं आहे. उकंडराव बाकावर बसले. दार पुरतं लागलेलं नव्हतं. फटीतून त्यांना डॉक्टर खुर्चीतून उठताना दिसले, त्यांचा हात टेबलावर आपटलेला दिसला, आणि मग मनकर्णाबाई पदर डोळ्यांना लावून मान खाली घातलेली दिसली. ऐकू काहीच आलं नाही, कारण बाकावरच्या दुसऱ्या रोग्याला तेवढ्यात खोकल्याची उबळ आली होती. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, काय म्हणे डॉक्टर? ती म्हणाली, "चांगलंच म्हणे." एवढंच. एरवी दवाखान्यातून निघालेली मनकर्णाबाई घर येईपर्यंत बोलत असते. मंगळवारी तिने बाजारात थांबून शेरभर वांगी घेतली. शेर जाऊन किलो आला होता, राज्यही मुंबईचं जाऊन महाराष्ट्राचं झालं होतं, पण ती अजून शेरच म्हणायची. वांगी घेताना ती एकेक बोटाने दाबून पाहत होती आणि भाव मात्र तिने एकदाही पाडून मागितला नाही, हे उकंडरावांनी टिपून ठेवलं.

टिपून ठेवणं हा त्यांचा धंदाच होता. बावीस वर्षं ते जिनिंगच्या फाटकावर कापूस पाहायला उभे राहिले. उंद्री-अमडापूरकडच्या गाड्या आल्या की आधी वरचा कापूस दिसायचा, पांढराशुभ्र. वरचा कापूस कोणाचाही पांढराच असतो. उकंडराव शर्टाची बाही कोपराच्या वर चढवत आणि हात खांद्यापर्यंत गाडीच्या पोटात खुपसत. तळाला कोणी पाणी मारलेलं असे, कोणी किडका कवडी कापूस दडवलेला असे, एकाने तर सरळ माती घातली होती. गाडीवान देवाची शपथ घेई. उकंडरावांचा हात शपथ ऐकत नसे. लोक त्यांच्या हाताला भीत आणि मालक त्याच हातावर खूश असत. त्या हाताची सवय मग घरीही आली. कोणी गोड बोललं की यांची बाही आपोआप चढायची. धाकटा भाऊ भगवंतराव हुरडा घेऊन आला तर याला काय पाहिजे असेल, मनकर्णाबाईने पाय चेपून दिले तर माहेरी जायचं असेल. बरेचदा तळाला काही निघतही नसे. पण नाही निघालं म्हणजे आपला हात कमी पडला, असंच त्यांना वाटे.

आणि आता तर सगळीकडून पांढराशुभ्र माल यायला लागला. गुरुवारी भगवंतरावाचा निरोप आला, रविवारी रुख्मिणीला घेऊन येतो. रुख्मिणी ही त्यांची एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. रोग कळला त्याच आठवड्यात तिला उंद्रीला काकाकडे धाडली होती. रोग लागू नये म्हणून पोर आठ महिने दृष्टीआड ठेवली, ती आता का आणतात? मनकर्णाबाई म्हणाली, थुंकी तपासून आली, आता भीती नाही म्हणतात. म्हणतात. उकंडरावांनी तो शब्द हातात घेऊन चुरगाळून पाहिला. त्यांच्या बहिणीला मोताळ्याहून वडिलांच्या त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी असंच आणलं होतं, तेव्हाही तिला काही भलतंच कारण सांगितलं होतं. शुक्रवारी जिनिंगचा मापारी शकूर आला. हा वीस वर्षांचा सोबती, पण आजारपणात दारातूनच चौकशी करून जायचा. त्या दिवशी सरळ आत आला, खाटेच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "उकंडभाऊ, नवा मानूस ओला माल पास करून राह्यला. मालक रोज इचारते, तो हात कवा येते म्हनून." उकंडराव हसले. मनात म्हणाले, शकूर, तू कधी खोटं बोलत नाहीस, तुला कोणी शिकवून पाठवलं? शकूर जाताना दाराशी मनकर्णाबाईशी हळू आवाजात काहीतरी बोलला आणि ती मान हलवत राहिली. तेही टिपलं गेलं.

उकंडराव हे नावच मुळात एका फसवणुकीतून आलेलं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथा झाल्यावर आजीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने ते टाकलेलं पोर म्हणून उचललं आणि आईने ते तिच्याकडून पसाभर ज्वारी देऊन घेतलं. नाव उकंडा. म्हणजे यमाला वाटावं की हा तर कचरा, याला काय न्यायचं. पंचेचाळीस वर्षं ही युक्ती चालली. खाटेवर पडल्या पडल्या उकंडरावांच्या मनात येई की यमही कधीतरी बाही चढवणारच. फाटकावर गाडी किती वेळ अशी उभी राहणार? हा विचार आला की त्यांना घाम फुटे. मरणाची भीती तर होतीच, पण त्याहून जास्त राग होता तो आपल्याला कोणी सांगत नाही याचा. आपण जे वडिलांना केलं तेच आता आपल्याला होतंय. हो बाबा, हो बाबा म्हणत चौघं मिळून एका माणसाला अंधारात नेऊन सोडायचं. मंगळवारपासून त्यांच्या तोंडून उद्या हा शब्द निघेना. मनकर्णाबाई उद्या काय करू म्हणून विचारायची आणि ते नुसता हात हलवायचे.

शनिवारी दुपारी ती नदीवर धुणं घेऊन गेली तेव्हा उकंडराव खाटेवरून उठले आणि भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांनी काहीतरी लिहून दिलंच असेल, ते कागद ती कुठेतरी ठेवतच असेल. त्यांनी डबे पाहिले, देवाच्या पाटाखाली पाहिलं, तांदळाच्या कोठीत, सवयीप्रमाणे, खांद्यापर्यंत हात घातला. कागद निघाला नाही. मात्र कोनाड्यात त्यांना लोणच्याची बरणी दिसली. ज्येष्ठात घातलेली ती कैरी. तेव्हा रोग कळून महिना झाला होता, उकंडराव खाटेवर बसून होते आणि त्यांना जमण्यासारखं एवढंच काम म्हणून मनकर्णाबाईने बरणीच्या तोंडाचं फडकं त्यांच्याकडून बांधून घेतलं होतं. उकंडराव डावखुरे, त्यांची गाठ उलटी पडते. ती उलटी गाठ तशीच होती. म्हणजे बरणी उघडलीच नव्हती. शेजारी तिखटाचा डबाही गळ्यापर्यंत भरलेला. सात महिन्यांत या घरात लोणच्याची फोड कोणी खाल्ली नाही? लोणच्याशिवाय भाकरी न उतरणारी बाई ही. उकंडराव कोनाड्यापुढे उभे राहून विचार करू लागले, आणि मग त्यांना तळ लागला. ती राखून ठेवतेय. तेरवीला पाचपन्नास माणूस येईल, पंगतीत लोणचं लागेल. आपण जिवंत असताना आपल्या पंगतीची तयारी आपल्याच गाठीखाली ठेवली आहे. हे पटल्यावर त्यांना खरं तर रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. आणि हसता हसता खोकला येईल म्हणून त्यांनी छाती धरली. खोकला आला नाही. बराच वेळ वाट पाहिली तरी आला नाही.

त्यावरही त्यांनी संशय घेतलाच. गेले तीनचार दिवस काही गोष्टी बिनसल्या होत्या, म्हणजे बऱ्या होत्या. कंबरेचा करदोडा उन्हाळ्यापासून ढिला होऊन घसरायचा, तो आता जागेवर राहत होता. वडिलांचे पाय शेवटी सुजले होते. उकंडरावांनी घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा पडला नाही. दुसऱ्या पायावर पाहिलं, तिथेही नाही. मग ते अंगणात उन्हात जाऊन बसले. पौषातलं ऊन पाठीवर आलं. पलीकडच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि वाऱ्याने उडालेले पुंजके कुंपणाच्या बाभळीला अडकले होते. वांग्याची चव सकाळपासून तोंडात रेंगाळत होती. बुधवारी ठसका, गुरुवारी नुसतं पाणी आलं डोळ्यांतून, आज मात्र मसाल्यातलं कारळं वेगळं लागलं, शेंगदाणा वेगळा लागला. बावीस वर्षं त्यांनी जेवताना चव कधी घेतली नव्हती. तेल कमी आहे का, डाळ जुनी आहे का, हेच चाचपडत जेवले होते. आता जे पुढे येतं ते अखेरचं, असं धरून खाल्लं तर पोटभर खाल्ल्यासारखं वाटत होतं. वडिलांनाही तेव्हा असंच वाटलं असेल का? मग त्या चार दिवसांचं इतकं वाईट वाटून घ्यायला नको. त्यांना फसवलं हे खरं, पण मांडे खोटे नव्हते, आणि ते करणारीचे हातही खोटे नव्हते. उकंडराव स्वतःवरच चकित झाले. मरायचं तर मरू, त्यांनी ठरवलं, पण रविवारी पोर येईल तेव्हा चेहरा पाडून बसायचं नाही. मला कळलंय हे यांना कळू द्यायचं नाही. एवढं तरी यांच्यासाठी करू. ती संध्याकाळ त्यांना फार बरी गेली आणि ती बरी गेली याची त्यांना भीतीही वाटली.

रविवारी भगवंतराव रुख्मिणीला सोडून बाजारात बैलांसाठी पेंड पाहायला गेला. रुख्मिणी वीतभर उंच झाली होती. दारात अडखळली, मग येऊन वडिलांच्या खाटेवर बसली आणि त्यांचा दंड चाचपून म्हणाली, बाबा, काका म्हणे तुम्ही लय वाळले, तुम्ही तं चांगले आहात. आई वाळली. उकंडरावांनी मनकर्णाबाईकडे पाहिलं. मंगळवारपासून ते तिच्या डोळ्यांत, आवाजात, पाठीत काय दडलंय ते शोधत होते. मनगटाकडे लक्ष गेलं नव्हतं. बांगड्या पार कोपराजवळ चढल्या होत्या. काळजी, त्यांनी मनात नोंद केली. विधवा व्हायची काळजी.

जेवायला तिघांची ताटं मांडली. मनकर्णाबाई नेहमीसारखी मागून बसणार होती, पण रुख्मिणी ऐकेना. आई बसल्याशिवाय मी घास घेणार नाही म्हणून हटून राहिली. मग ती बसली. तिने स्वतःच्या ताटात मुगाचं पाणी घेतलं तेव्हा रुख्मिणीने नाक मुरडलं आणि आपल्या हाताने तिच्या ताटात वांगं टाकलं, भाकरीवर रस्सा ओतला. रुख्मिणी उंद्रीच्या चुलीवरचं तिखट खाऊन आलेली, भराभर जेवत होती, आणखी तिखट मागत होती. मनकर्णाबाईने इकडे तिकडे पाहिलं आणि एक घास तोंडात घातला.

तिला ठसका लागला. साधासुधा नव्हे, चेहरा लाल झाला, नाकाडोळ्यांतून पाणी, कानांच्या पाळ्या पेटल्या. ती पदराने तोंड दाबून म्हणाली, भाजी जास्तच तिखट झाली वाटते. पण भाजी तिखट नव्हती. पोर समोर बसून तीच भाजी खात होती, आणि उकंडरावांनी आताच दोन वांगी खाल्ली होती. हा ठसका त्यांच्या ओळखीचा होता. बुधवारी त्यांच्या जिभेला बसलेला, आठ महिने मुगाच्या पाण्यावर ठेवलेल्या जिभेचा. त्यांचा हात ताटातच थांबला. उलटी गाठ, गळ्यापर्यंत भरलेला डबा, कोपराला टेकलेल्या बांगड्या. सगळा माल त्यांनी तपासला होता, एकूण एक जागी हात घातला होता, आणि जे हाताला लागलं त्याचं नाव चुकीचं घेतलं होतं.

"तू बी तेच खात होती," ते म्हणाले.

मनकर्णाबाई पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. रुख्मिणी दोघांकडे पाहत राहिली. मग इतक्या दिवसांनी मनकर्णाबाई त्यांच्याकडे सरळ पाहत बोलू लागली, आणि बोलताना तिने चुलीला हात लावला नाही. मंगळवारी वजन पाहून डॉक्टरांनी विचारलं होतं, थुंकी साफ आली, छाती भरत आली, मग हा माणूस भरत का नाही, याला खाऊ काय घालता? तिने वैद्यांचं पथ्य अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं की रोगी दूध, अंडी, तेलातुपाचं खातोय. मनकर्णाबाई मात्र सुई डॉक्टरांची आणि पथ्य वैद्याचं, असं दोन्ही बाजूंनी सांभाळत होती, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

"डॉक्टर म्हणे, रोगानं नाई मरत आता हा मानूस, मेला तं तुमच्या हातानं मरन," ती म्हणाली. "मी तुमाले आठ महिने उपाशी ठेवलं. कसं सांगू? तोंड नव्हतं मले."

"आन् तू काऊन उपाशी राह्यली?"

"तुमी मुगाचं पानी पेऊन राह्यले, आन् माह्या घशाखाली लोनचं उतरलं असतं काय? आन् आता म्हटलं, तुमचं जे राह्यलं ते आधी तुमच्या पोटात जाऊ दे."

तिचं बोलणंही उकंडरावांनी सवयीने एकदा तळापर्यंत चाचपलं. वर जे होतं तेच खाली होतं. असा माल बावीस वर्षांत फाटकावर आला नसेल असं नाही, पण तो पाहून आनंद कसा मानायचा हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. छातीत काहीतरी दाटून आलं. खोकला असेल म्हणून त्यांनी क्षणभर वाट पाहिली, खोकला नव्हता. आपण जगणार आहोत, हे त्यांना त्या वेळी कळलं, आणि त्याहून जास्त हे कळलं की आपण एकटे आजारी नव्हतो.

ते उठले, कोनाड्यातली बरणी काढून आणली आणि आपली उलटी गाठ डाव्या हाताने सोडली. कैरी मुरून काळपट झाली होती. एक फोड त्यांनी काढली, पाण्यात बुचकळून तिचं तिखट धुतलं, तिचे दोन तुकडे केले आणि एक मनकर्णाबाईच्या ताटात ठेवला. धुतलेलं लोणचं कोणी खातं का, म्हणून रुख्मिणी हसायला लागली. दुसरा तुकडा तोंडात टाकून उकंडराव भाकरी मोडू लागले.

"उद्या भाजीत तिखट कमी टाक," ते म्हणाले, "तुले झेपंल एवढंच."